दीड फुटाची भिंत

खोपट म्हणजे लहानशी झोपडी, हे मराठी शिकवणाऱ्यांना सांगायला नको. ठाण्यातल्या ज्या भागाला हे नाव आहे तेथे आम्ही राहतो. आज तेथे एस.टी.चे स्थानक आहे, मोठमोठ्या इमारती आहेत. खरे खोपट पाहायचे तर जिल्ह्यातल्या एखाद्या आदिवासी पाड्यावर जावे लागते. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवताचे किंवा कौलांचे उतरते छप्पर. भिंतीची जाडी जेमतेम दोन-तीन इंच, आणि वारा घरातून आरपार जातो.

खोपटहून एस.टी.ने घाट चढून सोलापूर-लातूरकडे गेलो, की जुन्या गावांतली घरे अगदी वेगळी दिसतात. दगडमातीच्या रुंद भिंती, इवल्याशा खिडक्या, मध्ये चौक आणि वर पांढऱ्या मातीचे सपाट माळवद. राज्य एकच, बांधणारे दोन्हीकडचे गरीबच. तरीही एका घराची भिंत तीन इंचांची आणि दुसऱ्या घराची तीन फुटांची, असे का?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्यसेविका यांनी नेमणुकीच्या गावी राहावे असा आग्रह धरला जातो. त्यांच्यासाठी निवासस्थाने बांधली जातात ती बहुधा एकाच साच्यातली. विटांची भिंत, चार-पाच इंची स्लॅब, दोन खोल्या. हा नकाशा कोकणात चालतो आणि मराठवाड्यातही. मे महिन्यात ज्या खोलीत रात्री बारापर्यंत पाठ टेकवत नाही, तेथे कुटुंबासह राहा असे सांगणे सोपे, राहणे अवघड. कोरड्या, तापत्या मुलुखात कमी खर्चाचे आणि हवामानाला धरून असलेले निवासस्थान कसे असावे, ते या लेखात पाहू.

दोन गावे, दोन उन्हाळे

मे महिन्यात मुंबई-ठाण्याकडे सरासरी कमाल तापमान सुमारे ३३ अंश सेल्सियस आणि किमान सुमारे २७ अंश असते. म्हणजे दिवसरात्रीत फरक अवघा सहा अंशांचा. सोलापूरला त्याच महिन्यात दुपारी सुमारे ४० अंश आणि पहाटे सुमारे २५ अंश असतात. फरक पंधरा अंशांचा. घराचे सारे गणित या एका फरकावर उभे आहे.

खोपटला रात्रीही हवा फारशी थंड होत नाही. त्यामुळे रात्रीचा गारवा साठवून ठेवायला जाड भिंत बांधून काही मिळत नाही, कारण साठवायला गारवाच नसतो. तेथे त्रास घामाचा. हवेत बाष्प भरपूर असल्याने घाम वाळत नाही, म्हणून अंगावर वारा खेळता हवा. हलकी भिंत, समोरासमोर खिडक्या आणि रुंद पडवी हेच तेथे योग्य.

सोलापूर-लातूरकडे दुपारचा वारा अंगावर घेण्यासारखा नसतो. शरीराचे तापमान ३७ अंश आणि हवा ४० अंशांची, म्हणजे वारा आपल्याला निववण्याऐवजी तापवतो. तेथे दुपारी दारे-खिडक्या मिटून घ्यायच्या आणि पहाटेचा २५ अंशांचा गारवा घरात धरून ठेवायचा. हे धरून ठेवण्याचे काम भिंत करते.

भिंतीत शिरणारी लाट

सकाळी ऊन पडू लागले की भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग तापतो. ही उष्णता हळूहळू आत सरकू लागते. ती आतल्या बाजूला पोहोचण्याआधीच संध्याकाळ होते, बाहेरचा पृष्ठभाग निवू लागतो आणि भिंतीतली बरीचशी उष्णता आली त्या वाटेने परत फिरते. म्हणजे रोज एक उष्णतेची लाट भिंतीत शिरते आणि आत जाता जाता मंदावते, विरते. दोन गोष्टी घडतात. लाट उशिरा पोहोचते, आणि पोहोचते तेव्हा तिची उंची कमी झालेली असते.

उशीर किती? ढोबळ हिशोब असा: चार इंची काँक्रीटच्या स्लॅबमधून लाट अडीच-तीन तासांत खाली येते. नऊ इंची विटांच्या भिंतीला सुमारे सात तास लागतात. दीड फुटी दगडी भिंतीला अकरा-बारा तास लागतात. दुपारी दोनला बाहेर कडकडीत ऊन असेल तर स्लॅब संध्याकाळी पाचला डोक्यावर भट्टी पेटवतो. दीड फुटी भिंतीतून तीच लाट मध्यरात्रीनंतर येते. तोवर बाहेर गार हवा सुटलेली असते, खिडक्या उघडलेल्या असतात.

आता उंचीचे पाहू. आपल्याकडचा काळा दगड घेतला, तर दर १५ सेंटिमीटर जाडीमागे तापमानाचा चढउतार एक तृतीयांशाच्या थोडा वर इतकाच उरतो. उन्हातल्या भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर दिवसरात्रीत २४ अंशांचा फरक पडतो असे धरू. १५ सेंटिमीटर आत तो ९ अंशांवर येईल, ३० सेंटिमीटरवर ३ अंशांवर, ४५ सेंटिमीटरवर म्हणजे दीड फुटावर साधारण १ अंशावर. भिंत दुप्पट, म्हणजे ९० सेंटिमीटर केली तर? फरक अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी. म्हणजे पहिल्या दीड फुटाने २४ पैकी २३ अंश अडवले. पुढच्या दीड फुटाला अडवायला जेमतेम एक अंश उरला होता. प्रत्यक्षात दारातून, छपरातूनही उष्णता येते, त्यामुळे तो एक अंश माणसाला जाणवणारही नाही.

हे आकडे वर्गात फळ्यावर मांडून भागणार नाही. ते तपासायला शाळेचे अंगण पुरेसे आहे. सपाट, उन्हातली जागा निवडून पहारीने तीन भोके पाडावीत, ५, १५ आणि ३० सेंटिमीटर खोलीची. प्रयोगशाळेतला तापमापक दोऱ्याने बांधून प्रत्येक भोकात सोडावा, तोंड चिंधीने बंद करावे, पाच मिनिटांनी वाचन घ्यावे. पहाटे सहा, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा अशी पाच वाचने दोन दिवस घेतली की पुरे. तापमापक बाहेर काढल्यावर पारा लगेच सरकू लागतो, म्हणून एकाने काढायचा आणि दुसऱ्याने तत्क्षणी वाचायचा. वरच्या भोकात मोठा चढउतार दिसेल. मधल्या भोकात तो कमी असेल आणि त्याची वेळ उशिराची असेल. एक फूट खोलीवर पारा दिवसभर जवळजवळ एकाच जागी राहील. जमीन ही एक जाडच जाड भिंत आहे. तिच्यात रोजची लाट किती खोल जाते, हे मुलांना स्वतः मोजता येते.

किल्लारी

या हिशोबाला एक दुःखद बाजू आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपाची तीव्रता सव्वासहाच्या आसपास होती. अशा भूकंपात इतकी माणसे जावीत, याचे मोठे कारण घरे होते. लोक झोपेत होते, आणि ज्या भिंतींनी व माळवदांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या उन्हापासून राखले, त्यांच्याखालीच ते गाडले गेले.

त्या भिंती दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत, कोठे त्याहूनही रुंद होत्या. दिसायला भक्कम. पण आतून त्या एकसंध नव्हत्या. बाहेर एक दगडांचा थर, आत दुसरा, आणि मधल्या पोकळीत डबर व माती. दोन थरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुधा नव्हते. जमीन हादरताच दोन्ही थर एकमेकांपासून सुटले आणि फुगून कोसळले. वर माळवद होते. पाऊस गळू नये म्हणून त्यावर वर्षानुवर्षे मातीची भर पडत गेलेली. एक चौरस मीटर माळवदावर दोन फूट माती असेल तर तिचे वजन टनभर भरते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर अकरा टन होतात.

भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. कित्येक कुटुंबांनी मधला काळ पत्र्याच्या शेडमध्ये काढला. दगडी भिंतीची अशी धास्ती बसली की अनेकांना ती नजरेसमोरही नको वाटे. ही भीती समजण्यासारखी आहे. पण पत्रा काही मिनिटांत तापतो. तो भूकंपात जीव घेत नसला तरी उन्हाळ्यात दिवसभर त्याखाली राहणे कठीण. मग सुरक्षित घर हवे तर ते तापणारच, आणि गार घर हवे तर धोका पत्करायचाच, असे आहे का?

असे मुळीच नाही. दीड फुटाचे महत्त्व येथे कळते. साध्या दगडमातीच्या बांधकामांसाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९३ सालीच एक मानक काढले, आय.एस. १३८२८. त्यात सांगितले आहे की अशी दगडी भिंत ४५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे दीड फुटापेक्षा, जाड नसावी, ३५० मिलिमीटरच्या आसपास असल्यास उत्तम. उंचीत दर ६०० मिलिमीटरला आणि लांबीत फार तर दर १.२ मीटरला एक आरपार दगड घालावा, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. दाराखिडक्यांच्या वरून आणि छपराखालून साऱ्या भिंतींना वेढणारा सलग पट्टा असावा. तो पेटीला बांधलेल्या दोरीचे काम करतो.

आता वरचा हिशोब शेजारी ठेवून पाहा. भूकंपाचे शास्त्र सांगते, दीड फुटापेक्षा जाड जाऊ नका. उष्णतेचे शास्त्र सांगते, दीड फुटापुढे जाऊन मिळणार काही नाही. चौदा इंची भिंत घेतली तरी बाहेरच्या २४ अंशांतले सुमारे दोन अंशच आत येतात. जुन्या भिंतीचा दीड फुटापलीकडचा भाग गारव्यासाठी नव्हताच. शेतातले दगड हाताशी होते, फोडून घडवायला पैसा नव्हता, चोराचिलटाची भीती होती, म्हणून भिंत रुंद होत गेली. गार घर आणि सुरक्षित घर यांत भांडण नाही.

छपराचे काय?

भिंतीइतकेच, किंबहुना अधिक लक्ष छपराकडे द्यायला हवे. शून्य सावलीचा दिवस आता अनेक शाळांत पाळला जातो. लातूरकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ठाण्यात मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात भिंतींवर दुपारचे ऊन कमी आणि सारा मारा छपरावर. निरभ्र दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॅट, म्हणजे एका इस्त्रीच्या शेगडीइतकी उष्णता पडत असते.

उपाय स्वस्त आहेत. पहिला चुन्याचा. स्लॅबवर दरवर्षी मार्च सुरू होताना चुन्याचे दोन-तीन दाट हात दिले की बरेचसे ऊन परत फेकले जाते. यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. दुसरा उपाय मडक्यांचा. स्लॅबवर लहान मडकी उपडी मांडून फटी मातीचुन्याने भरायच्या आणि वर फरशीच्या तुकड्यांचा थर द्यायचा. मडक्यातली कोंडलेली हवा उष्णतेला अडवते, आणि वजन भरीव मातीपेक्षा पुष्कळ कमी पडते. तिसरा उपाय बांधतानाच करायचा. स्लॅबच्या खालच्या भागात ताण लोखंडी सळ्या पेलतात, तेथले काँक्रीट फारसे काम करीत नाही. सळ्यांच्या चौकटींमध्ये त्या जागी कौले बसवून मग काँक्रीट ओतले, तर सिमेंट वाचते, वजन घटते आणि कौलांमधल्या हवेने छप्परही कमी तापते. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात अशा स्लॅबचा भरपूर वापर केला.

रात्रीची हवा, दिवसाची सावली

जाड भिंत नुसती बांधून भागत नाही. तिच्यामुळे घरातले तापमान दिवसाच्या सरासरीपाशी स्थिरावते. सोलापूरच्या मे महिन्यात ही सरासरी ३२-३३ अंश आहे, म्हणजे बाहेरच्या दुपारपेक्षा बरी, पण सुखाची नव्हे. तिच्याही खाली जायचे तर रात्री भिंती आतून निववल्या पाहिजेत. त्यासाठी सूर्यास्तानंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळ्या खिडक्या उघडायच्या आणि सकाळी आठच्या आत मिटायच्या. आपल्या आज्या हेच करीत. नव्या निवासस्थानात ते जमत नाही, कारण रात्री खिडकी उघडी ठेवायला चोराची, सापाविंचवाची आणि डासांची भीती असते. म्हणून प्रत्येक खिडकीला गज आणि बारीक जाळी हवीच. खर्च कमी करताना पहिली काट बहुधा जाळीलाच लागते, आणि त्याबरोबर साऱ्या भिंतीचा उपयोग निम्मा होतो. गरम हवा वर जाते, म्हणून छताजवळ समोरासमोरच्या भिंतींत दोन झरोके ठेवावेत.

घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम धरावी, म्हणजे सकाळचे व विशेषतः दुपारनंतरचे तिरपे ऊन कमी भिंतीवर पडते. पश्चिमेला खिडकी नको. तेथे मोरी, संडास, सामानाची खोली ठेवली की त्या खोल्या उन्हाची ढाल होतात. दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा पुरतो. लातूरच्या अक्षांशावर २१ मार्चला माध्यान्हीचा सूर्य ७२ अंश उंच असतो, तेव्हा दोन फुटी छज्जाची सावली सहा फूट खाली येते. २२ डिसेंबरला सूर्य साडेअठ्ठेचाळीस अंशांवर असतो आणि सावली सव्वादोन फुटांवर थांबते, म्हणजे हिवाळ्यात हवे असलेले ऊन खिडकीच्या खालच्या भागातून आत येते. दहावीच्या मुलांना त्रिकोणमितीचा याहून चांगला उपयोग दाखवता येणार नाही.

पाण्याचा गारवा

कूलर सोलापूरला चालतो आणि खोपटला चालत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. कारण मोजून दाखवता येते. तापमापकाच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळून पंख्याखाली धरली की पारा उतरतो. सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी ४० अंश तापमान आणि २०-२२ टक्के आर्द्रता असेल, तर ओला पारा सुमारे २३ अंशांवर थांबेल. ठाण्यात ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तो २८ च्या आसपास अडकेल. बाष्पीभवनाने हवा याहून गार होऊ शकत नाही. एकीकडे सतरा अंशांची सवलत, दुसरीकडे पाच अंशांची.

पण पाणी लागते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषते, आणि खोलीभर वारा देणारा कूलर कोरड्या दुपारी तासाला दहाएक लिटर पाणी पितो. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो तेथे सहा तासांचे साठ लिटर आणायचे कोठून? म्हणून निवासस्थानाची रचना पाण्यावर विसंबलेली नसावी. भिंत, सावली आणि रात्रीची हवा यांनी भागवावे, आणि दुपारच्या दोन-तीन तासांपुरता वाळ्याचा ओला पडदा ठेवावा. न्हाणीचे पाणी वाया न घालवता दक्षिण-पश्चिमेच्या बाजूला कडुनिंब वाढवावा. पाच-सात वर्षांनी तोच सर्वांत स्वस्त कूलर ठरतो.

खर्चाचा प्रश्न

कमी खर्चाच्या घराचा आपल्याकडचा एक जुना दाखला सेवाग्रामचा आहे. वर्ध्याचा उन्हाळा सोलापूरपेक्षाही कडक. १९३६ साली गांधीजी तेव्हाच्या शेगावात राहायला गेले, तेव्हा घर थोड्या खर्चात आणि आसपास मिळणाऱ्या साहित्यातूनच बांधावे असा त्यांचा आग्रह होता. तेथे मातीच्या भिंती, बांबू, कौलारू छप्पर आणि पडव्या अशा कुट्या उभ्या राहिल्या. मीराबेन यांचा त्यांच्या रचनेत मोठा वाटा होता. पाऊस सोलापूरपेक्षा पुष्कळ, म्हणून तेथे सपाट माळवदाऐवजी उतरते छप्पर. कार्यकर्त्यांच्या निवासाची ही खरोखरीची उदाहरणे आजही पाहायला मिळतात. पुढे १९७६ साली देवेंद्रकुमार यांनी वर्ध्याला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र सुरू केले. तेथे कुंभाराने चाकावर घडवलेली शंकूच्या आकाराची कौले एकात एक अडकवून त्यांची कमान करण्याची पद्धत विकसित झाली. कमानींना कमानी लावल्या की लोखंड व लाकूड न वापरता छप्पर होते, पैसा गावातल्या कुंभाराकडे जातो आणि पोकळ कौलांमधली हवा उष्णता अडवते.

निवासस्थाने सुटी न बांधता ओळीने बांधली, तर आणखी बचत होते. चार घरे एकमेकांना लागून असली की तीन मधल्या भिंती सामाईक होतात. तेवढे बांधकाम वाचते आणि तेवढ्या भिंतींवर ऊनही पडत नाही. विटांच्या मुलुखात नऊ इंची भिंतीच्या विटा आडव्या न ठेवता धारेवर उभ्या रचल्या आणि मध्ये पोकळी ठेवली, तर विटा सुमारे पाचव्या हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतली हवा फुकटात मिळते. बेकर यांची ही आवडती पद्धत होती. भूकंपाच्या मुलुखात अशा भिंतीलाही सलग पट्टे आणि कोपऱ्यांत उभ्या सळ्या हव्यात. काटकसर करायची ती विटांत, सळ्यांत नव्हे.

सारांश असा: चौदा ते अठरा इंची भिंत आरपार दगडांसह, वर सलग पट्टे, हलके आणि चुन्याने पांढरे केलेले छप्पर, पूर्व-पश्चिम लांबी, पश्चिमेला मोरी, जाळीच्या खिडक्या, वर झरोके, पुढे ओसरी, मागे चौक, आणि गच्चीवर झोपता यावे म्हणून जिना व उंच जाळीदार कठडा. या यादीत परदेशातून आणावी अशी एकही वस्तू नाही. गावच्या गवंड्याला यातले बहुतेक सारे येते. आरपार दगड आणि पट्टे तेवढे नव्याने शिकवावे लागतील.

शिक्षक या कामी बरेच काही करू शकतात. जिल्हा परिषद निवासस्थान बांधायला काढते तेव्हा नकाशा शाळेत किंवा ग्रामपंचायतीत येतो. त्या वेळी पश्चिमेला काय आहे, छपरावर काय घालणार, खिडकीला जाळी आहे का, भिंतीत आरपार दगड किती अंतरावर, हे चार प्रश्न विचारावेत. ते विचारण्याआधी अंगणातल्या तीन भोकांची वाचने हाती असली तर उत्तम. गावच्या सभेत मुलांनी स्वतः मोजलेले आकडे वाचून दाखवले, की दीड फुटाची भिंत पुरेशी आहे हे सांगायला इंजिनियर लागत नाही. ज्या घरांतल्या म्हाताऱ्यांनी किल्लारी पाहिली आहे, त्यांना तर ते मुलांच्या तोंडून ऐकायला मिळालेच पाहिजे.